मसुरीचा ठोका

माझं कोपर बोललं, त्या दिवशी अप्पांनी आळीत पेढे वाटले होते.

आमच्या घरची रीतच तशी. आम्ही रोहेकर, पुण्याच्या तांबट आळीत पाच पिढ्या तांबं मठारणारे. मठारणं म्हणजे घडवून झालेल्या भांड्याच्या अंगावर हातोडीनं ओळीनं ठोके उमटवत जाणं. त्यानं पत्रा कडक होतो आणि प्रत्येक खळगीत उजेड वेगळा थांबतो. एका घागरीला पाच-सहा हजार ठोके. हे करता करता चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे एक दिवस उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ उठते. आधी मुंगी चावल्यासारखी, मग इंगळी डसल्यासारखी. आमच्यात त्याला म्हणायचं, कोपर बोललं. मग त्या कोपराला कुंकू लावायचं आणि अण्णांची, म्हणजे माझ्या आजोबांची, शिसवी दांड्याची हातोडी हाती द्यायची. तोवर तुम्ही शिकाऊ, तिथून पुढे कारागीर.

मी अडतिसाव्या वर्षी कारागीर झाले. अप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, डोळे तेव्हाच काचबिंदूनं गेले होते. त्यांनी चाचपडत माझं कोपर शोधलं, तरी कुंकू दंडालाच लागलं. म्हणाले, "मैथू, आता तू रोहेकर." आणि त्यांनी एक अर्धं मठारलेलं घंगाळ माझ्यापुढे सरकवलं. डोळे गेले तेव्हा तळापासून पोटापर्यंत त्यांचे ठोके पडून झाले होते. वरचं अर्धं कोरं. "हे तू पुरं कर."

"तुमच्यासारखा हात बसला की करीन," मी म्हणाले.

तीन वर्षांनी एका सकाळी त्याच हातातून चहाचं पातेलं निसटलं. चहा ओट्यावर, तिथून माझ्या पायावर.

"काय पडलं?" अप्पा बाहेरून ओरडले.

"काही नाही. मांजर."

"आपल्याकडे मांजर नाही."

"आता आलंय."

मी फडकं घेऊन ओटा पुसला. फडकं पिळायला गेले आणि तोंडातून आवाज निघू नये म्हणून दात ओठांवर रोवले. दाराची मूठ फिरत नव्हती. बरणीचं झाकण उघडत नव्हतं. कुणी हात मिळवायला पुढं आलं की मी घाईनं नमस्कार करायचे. लोकांना वाटायचं, बाई फार संस्कारी आहेत.

खाली कामाला बसले. पालिकेच्या नियमानं आता आमच्या भिंतींना आवाज पिणारं अस्तर आहे. बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्याला कळतही नाही की आत ठोके पडताहेत. पण आत, अप्पांच्या कानांना सगळं कळतं.

"बारावा ठोका उशिरा पडतोय," ते म्हणाले. "आणि सोळावा तर तू खाल्लासच."

"भूक लागली होती."

"मैथू."

"दुखतंय, अप्पा. थोडं."

ते खूश झाले. खरंच खूश झाले. "दुखणारच. कारागिराचं कोपर आहे ते."

त्यांना हे ठाऊक नव्हतं की मी लपून दोनदा इंजेक्शन घेऊन आले होते. प्रत्येक इंजेक्शननं दीड महिना स्वर्ग, आणि त्या दीड महिन्यात मी दुप्पट काम उपसलं होतं.

*

डॉक्टर शहनाज बागवान यांनी माझं कोपर पडद्यावर मोठं करून दाखवलं. पंचावन्नच्या बाई, केस आखूड, बोलणं मंडईतल्यासारखं रोखठोक.

"हे बघा ताई. मनगट वर उचलणारे स्नायू इथून येतात आणि कोपराच्या बाहेरच्या या उंचवट्याला एका कंडरेनं बांधलेले असतात. कंडरा म्हणजे दोरच समजा. हातात काही घट्ट धरलं, पिळलं, झटकलं, की हाच दोर ताणतो. रोज थोडे धागे तुटतात, विश्रांती मिळाली की रोज थोडे जुळतात. तुमचे तुटले जास्त, जुळले कमी. लोक म्हणतात सूज आली. सूज फारशी नसतेच. दोर विरलेला असतो."

"आतल्या बाजूला दुखतं का? करंगळीला मुंग्या? कोपराच्या टोकावर गोळा? पडला होतात का?" त्यांनी एकामागून एक विचारलं. मी प्रत्येकाला नाही म्हणाले. आतल्या बाजूला दुखलं तर दुसरी कंडरा, करंगळीला मुंग्या आल्या तर मागून जाणारी नस, गोळा आला तर तिथली पाण्याची पिशवी, असं त्या बोटावर मोजत गेल्या. "तुमचं मात्र अगदी पुस्तकातलं. दहातल्या आठ-नऊ जणांचं हे वर्षभरात आपोआप बरं होतं, ठाऊक आहे? काम कमी करायचं, पट्टा बांधायचा, वजन धरून मनगट हळूहळू खाली सोडायचा व्यायाम करायचा, धीर धरायचा. तुम्ही काय केलंत?"

"तेल चोळलं."

"आणि?"

"दोन इंजेक्शनं."

"आणि मग हात थांबवला?"

मी पडद्याकडे बघत राहिले.

"नाही थांबवला," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "दुखणं मेलं आणि तुम्ही हातोडी उचललीत. अर्ध्याहून जास्त दोर तुटलाय, ताई. आता तो आपोआप जुळायचा नाही."

मग त्यांनी रोपाचं सांगितलं. चार-पाच वर्षांपूर्वी हे निघालंय. आपल्याच पेशी घेऊन कोळ्याच्या जाळ्यापेक्षा बारीक जाळीवर वाढवायच्या आणि तुटलेल्या जागी लावायच्या. बारा आठवड्यांत नवी कंडरा उगवते. पण कंडरेची एक गंमत आहे. तिचे धागे ज्या दिशेनं ताण येईल त्याच दिशेनं रांगेत पडतात. नुसती पडून राहिली तर गुंतवळ उगवतो. म्हणून हातावर एक बाही चढवायची. बोटांपासून खांद्यापर्यंत, हातमोज्यासारखी मऊ, आत बारीक तारा. ती दिवसभरात हजारो वेळा हाताला एकच हालचाल करायला लावते, अगदी हळू, आणि धागे त्या हालचालीला शिकतात.

"कुठली हालचाल?"

"जी तुम्हाला आयुष्यभर करायची आहे ती. आमच्याकडे साठा आहे. सुताराची आहे, टेनिसवाल्यांची आहे, पोळ्या लाटणाऱ्या बायकांची तर एकशे सोळा प्रकारची आहे. एकविसाव्या दिवसापर्यंत धागे कुठेही झुकतात. त्यानंतर जे झुकलं ते झुकलं. आणि रोप त्या जागी एकदाच धरतं."

"तांबटाची आहे?"

"नाही हो," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे आहे का कुणी?"

मला थांबणं जमत नाही. मी म्हटलं, लावून टाका. रोप आधी लावलं, विचार नंतर सुरू केला.

*

अप्पांना मी सगळं सांगितलं, इंजेक्शनांचं सोडून. ते ऐकून ते उठून धोतर नीट करायला लागले, लग्नाला निघाल्यासारखे.

"म्हणजे माझा हात तुझ्या हातात घालणार? चल."

सत्त्याहत्तर वर्षांचा आंधळा माणूस डॉक्टरांच्या खोलीत पाटावर बसला. पुढ्यात लोखंडी खरवई रोवली, तिच्यावर तांब्या पालथा घातला. उजव्या हातावर हालचाल टिपणारी दुसरी बाही चढवली, तशी अप्पा म्हणाले, "नवरदेवाला मोजे घातले." मग हातोडी उचलली आणि मारायला लागले. ठक, ठक, ठक. त्यांचं कोपर नेहमीसारखं छातीशी वाकलेलं, ठोक्याच्या शेवटी मनगटाला बाहेर एक झटका. तो झटका म्हणजे रोहेकरांची सही. त्यानं खळगी गोल पडत नाही, कललेल्या तांदळाच्या दाण्यासारखी पडते. आळीतला कुणीही बोट फिरवून सांगेल, हे रोहेकरांचं. यंत्रं आता हवे तसे ठोके उमटवतात, पण तांदूळ त्यांना साधत नाही.

पाचशे ठोके झाले. अप्पांनी तळहातानं कपाळ पुसलं. दुखत होतं त्यांना. मला दिसत होतं.

डॉक्टर पडद्याकडे बराच वेळ बघत होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हात उघडतच नाही हो यांचा. सगळा भार मनगटावर आणि त्या एका कंडरेवर. वर शेवटचा पीळ. ताई, तुमचं कोपर यानंच फाटलंय. हाच हात शिकवला तर नवी कंडरा चार वर्षं टिकेल, पाच म्हणजे डोक्यावरून पाणी. मग काही नाही."

"आणि सुताराचा शिकवला तर?"

"टिकेल. खिळे छान माराल."

अप्पांचे कान. दाराशी उभे होते ते.

रिक्षात ते काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. घरी आल्यावर काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "म्हणजे माझा हात हा रोग आहे, असं म्हणते तुझी डॉक्टरीण."

"तसं नाही म्हणाल्या."

"मग कसं म्हणाल्या?"

मी त्यांच्या चपला उचलून दाराशी ठेवल्या.

"पाच पिढ्या..."

"पाच पिढ्यांची कोपरं गेली, अप्पा! अण्णांचं गेलं, तुमचं गेलं, काकांना शेवटी घास उचलवत नव्हता. आणि आपण कुंकू लावतो! पेढे वाटतो!"

"गेली तर गेली. भांडी राहिली ना?" त्यांचा आवाज फाटला. "तुला खिळे मारायचे तर मार. घंगाळ तेवढं वितळवून टाक."

*

रोप लावून बारा दिवस झाले होते. नऊ उरले.

ते दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. बाही अजून कुठलीच हालचाल शिकवत नव्हती, नुसती कोपर जपून धरत होती. हात रिकामा. रिकामा हात इतका जड असतो हे मला ठाऊक नव्हतं. मी घरभर येरझाऱ्या घालायचे. जिना चढायचे, उतरायचे. बसले की मांडीवर बोटं ठेका धरायची, आणि प्रत्येक बाराव्या ठोक्याला मी दचकायचे. शेजारच्या दुकानातली हातोडी भिंतीच्या अस्तरातून कशीबशी ऐकू यायची, पाण्याखालून कुणी हाक मारावी तशी. अप्पा समोर बसून असायचे. माझ्याशी कामापुरतं बोलायचे. घंगाळ आमच्या दोघांच्या मध्ये, अर्धं सजलेलं, अर्धं उघडं.

चिंच लावून भांडी घासताना मला आईकडून शिकलेली, आईनं आजीकडून उचललेली एक ओवी गुणगुणायची सवय. डाव्या हातानं घासत होते, तरी ती आलीच:

मसूर गं पेरली, तांब्याच्या अंगावरी
एकेक दाणा गोल, धन्याची कारागिरी.

लहानपणापासून म्हणत आले. त्या दिवशी पहिल्यांदा हात थांबला. मसूर? आमचा तर तांदूळ. मग वाटलं, आजीनं ओवीत बसेल ते घातलं असेल. सोडून दिलं.

चौदाव्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. "अप्पांचाच हात द्या."

"पाच वर्षांसाठी?"

"पाच तर पाच. घंगाळ होईल. त्यांच्या डोळ्यांदेखत..." मी अडखळले. "त्यांच्या हयातीत होईल."

"दोन दिवस द्या मला," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरातली मिळतील तितकी जुनी भांडी आणा. वेगवेगळ्या हातांची. कुणीतरी जरा कमी पिळून मारत असेल. भांडं खोटं बोलत नाही, ताई. खळगीची खोली, कल, दोन खळग्यांतलं अंतर, सगळं मोजता येतं. एका खळगीवरून हात कळत नाही. शंभर हात तशी खळगी पाडू शकतात. पण पाच हजार खळग्या एकत्र घेतल्या की फार थोडे हात उरतात. तुमच्या घराण्याच्या हाडांची लांबी मला अप्पांवरून ठाऊक आहे. उलटं चालत जाता येईल."

घरात साठच्या दशकापासूनची भांडी होती. त्याआधीचं काही नव्हतं. पानशेतच्या पुरात सगळं वाहून गेलं होतं. मी नातेवाइकांना फोन लावत सुटले. शेवटी ओतूरहून, अप्पांच्या मावसभावाच्या सुनेनं एक तांब्या पाठवला. म्हणाली, "वन्सं, आमच्याकडे हा केव्हाचा पडून आहे. नाव तुमचं आहे म्हणून कुणी मोडीत घातला नाही."

आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात ती परत यावीत म्हणूनच. पंगतीला गेलं, लग्नाला दिलं, की नाव बघून भांडं घरी येतं. हा एक आला नव्हता. गळ्याखाली बारीक टिंबाटिंबांची अक्षरं होती: सौ. यमुना ना. रोहेकर, १२-५-५८.

यमुना माझी आजी. अण्णांची बायको. मी तांब्या उन्हात धरला. त्याच्या सबंध अंगावर गोल, भरीव, सारख्या खळग्या होत्या.

मसूर.

*

डॉक्टरांच्या पडद्यावर दोन हात उभे राहिले. नुसत्या रेघांचे. एक अठ्ठावन्न सालचा, एक त्रेसष्ट सालचा, दोन्ही अण्णांचे. पहिला हात खांद्यापासून उठायचा, कोपर फुलासारखं उघडायचं, हातोडी तिच्याच वजनानं पडायची आणि मनगट नुसतं सोबत जायचं. दुसरा हात अर्ध्यावर अडायचा. पुढं जाताच यायचं नाही त्याला. उरलेलं अंतर तो मनगट झटकून भागवायचा.

"मधल्या काळात यांचं कोपर मोडलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं. "मोडून नीट बसलं नाही की हात पूर्ण उघडत नाही. मी शपथेवर नाही सांगणार. पण त्रेसष्टचा हा माणूस तिरका मारत नाहीये, ताई. त्याला सरळ मारताच येत नाहीये."

मला उत्तर ठाऊक होतं. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. एकसष्ट सालच्या जुलैत पाणी आळीत शिरलं, तेव्हा अण्णा आजीला एका हाती धरून खांबाशी उभे होते आणि वरून तुळई त्यांच्या उजव्या हातावर आली. पुढं कुणा वैदूनं हाड बांधलं, ते जुळलं. गोष्ट नेहमी तिथंच संपायची. आजी वाचली, हाड जुळलं.

आणि अप्पांचा जन्म सहासष्टचा. त्यांनी अण्णांचा उघडणारा हात कधी बघितलाच नाही.

आमच्यात शिकवत नाहीत. शिकाऊ समोर बसतो, उस्तादाच्या हाताकडे बघतो आणि तसंच करतो. विचारायचं नाही, बघायचं. अप्पांनी बघितलं. काकांनी अप्पांकडे बघितलं. मी अप्पांकडे बघितलं. एका माणसाच्या मोडक्या हाडाकडे बघत आम्ही तिघांनी आपली धडधाकट कोपरं मोडून घेतली आणि वर कुंकू लावलं.

"हा हात तुमच्या बाहीत घालू?" डॉक्टर अठ्ठावन्नच्या रेघांकडे बोट करून म्हणाल्या. "हा टिकेल. म्हातारपणापर्यंत. आणि आहे तुमच्याच घरचा."

मला उडी मारावीशी वाटायला हवी होती. मी पडद्याकडे पाठ फिरवली. कारण मग अप्पांना सांगावं लागणार होतं. ज्या माणसाकडे आता डोळे नाहीत, हातोडी नाही, फक्त 'रोहेकरांचा ठोका' उरलाय, त्याला सांगायचं की ते लंगडणं होतं.

"गुरुवारी दुपारी सांगते," मी म्हणाले. गुरुवार म्हणजे एकविसावा दिवस.

*

गुरुवारी सकाळी अकरा वाजले तरी मी जिन्यावरच होते. वर, खाली.

"अगं, पायऱ्या झिजतील," अप्पा म्हणाले. आठवडाभरात पहिल्यांदा काही बिनकामाचं बोलले. "काय आहे ते बोल."

मी तांब्या त्यांच्या हातात दिला.

त्यांनी बोटं फिरवली. एकदा, दोनदा. भुवया वर गेल्या. "वा. कुणाचं गं हे?"

"तुम्हीच सांगा."

"आपलं नाही. आळीतलंही कुणाचं नाही. ठोका बघ कसा सुटा पडलाय. धरून मारलेला नाही, सोडून मारलेला आहे." बोट वर सरकत गळ्याशी आलं. टिंबांवर थांबलं. अंगठ्यानं त्यांनी एकेक अक्षर वाचलं. सौ. य. मु. ना. मग तारीख वाचली. परत पहिल्यापासून वाचलं.

त्यांनी तांब्या छातीशी धरला होता.

"पुराच्या आधीचा," ते म्हणाले.

"हो."

"पुरात हात..."

"हो, अप्पा."

मला वाटलं आता ओरडतील. वाटलं, तांब्या फेकतील. ते बोलले, पण माझ्याशी नाही.

"नऊ वर्षांचा असेन. बसलो होतो समोर. मारत होतो. अण्णा म्हणाले, तू असा का मारतोस रे? म्हटलं, तुमच्यासारखा मारतोय. तर त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, चुकलं. मी आणखी घोटून घोटून मारलं, अगदी त्यांच्यासारखं. ते उठून मोरीत गेले आणि बराच वेळ पाणी सोडून ठेवलं."

मी खाली त्यांच्याजवळ बसले.

"सांगायचं नाही का माणसानं," अप्पा म्हणाले. "एकदा सांगायचं."

"काय सांगणार होते? दाखवता येत नव्हतं त्यांना."

त्यांनी मान हलवली. माझं कोपर शोधलं, बाहीवरून, आणि या वेळी नेमकं सापडलं. त्यावर नुसता हात ठेवला.

"किती वाजले?"

"साडेअकरा."

"मग बसलीयेस काय? रिक्षा बोलाव."

*

नऊ आठवडे बाही माझ्या हाताला अण्णांचा हात शिकवत होती. पहिल्यांदा परका वाटायचा. झोपेतून उठले की खांदा आपोआप उचलला जायचा आणि मी आपल्याच हाताकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघायचे. मग एक दिवस पातेलं उचललं, चहा गाळला आणि पिऊन झाल्यावर लक्षात आलं की काही दुखलं नाही.

बाराव्या आठवड्यानंतर घंगाळाशी बसले. पहिले शंभर ठोके वाईट पडले. अप्पा समोर, कान देऊन. मग हळूहळू हातोडी जड व्हायची थांबली. ती पडायची, मी फक्त वाट दाखवायचे. दोन महिने लागले. काठाजवळची एक ओळ मी कोरी ठेवली.

अप्पांनी तळापासून बोटं वर न्यायला सुरुवात केली. तांदूळ, तांदूळ, त्यांचेच तिरके दाणे. पोटाशी आले आणि थबकले. तिथं माझी मसूर सुरू होत होती.

"सांधा दिसतो का गं?"

"दिसतो. सारखा करून घेऊ?"

"नको. दिसू दे." बोटं सांध्यावरून मागे-पुढे गेली, उंबरा चाचपावा तशी. "काठ का सोडलास?"

मी बाही आणली. माझ्या हाताची मोजमापं काढून त्यांची घातली होती. डॉक्टरांनी ताकद सगळ्यात कमी ठेवून दिली होती. कुणी दोन बोटांनी मनगट धरून शिकवावं इतपतच. अप्पांचं हाड काही मोडलेलं नव्हतं. त्यांच्या कोपराला ठोका मारताना उघडायचं ठाऊक नव्हतं, एवढंच.

"आता या वयात?" ते म्हणाले, पण हात पुढं केला.

मी हातोडी त्यांच्या मुठीत दिली. बाही हलली. म्हाताऱ्या कातडीखाली खांदा उठला, कोपर नेहमीच्या जागी येऊन अडलं. बाही थांबली. घाई केली नाही तिनं. परत तिथवर नेलं, परत थांबली. तिसऱ्या खेपेला ते कोपर, हातोडी धरल्यापासून पहिल्यांदा, हळू, कुरकुरत, पुढं उघडलं.

अप्पांच्या तोंडून आवाज निघाला. मी घाबरून बाही बंद करायला गेले.

"राहू दे," ते म्हणाले. "धरलंय अण्णांनी."

हातोडी पडली.

अप्पांनी ती खाली ठेवली आणि बोटाचं टोक त्या एका खळगीत टेकवलं. पुरती गोल नव्हती, पुरती तिरकीही नव्हती. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी मान वर केली, माझ्याकडे नाही, खरवईच्या पलीकडे, जिथं उस्ताद बसतो त्या रिकाम्या पाटाकडे.

"आता बरोबर?" त्यांनी विचारलं.